उठण्याचे बळच हरपते तेव्हा

आजारी माणसाने दवाखान्यात जावे, ही अपेक्षा इतकी स्वाभाविक वाटते की तिचा फेरविचार सहसा कोणी करीत नाही. ताप आला की माणूस डॉक्टरकडे जातो. हाड मोडले तर चारजण त्याला उचलून नेतात. परंतु एक आजार असा आहे की तो माणसाकडून सर्वांत आधी हे 'जाणे'च काढून घेतो. उठावे, तोंड धुवावे, कपडे बदलावेत, बस पकडावी, रांगेत उभे राहावे आणि परक्या माणसासमोर बसून आपले दुःख सांगावे, यात निरोगी माणसाला काहीच विशेष वाटत नाही. नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला मात्र यातील प्रत्येक पायरी डोंगराएवढी भासते. मोडलेले हाड दिसते, तसे हे दुखणे दिसत नाही. त्यामुळे उचलून नेणारे चारजणही पुढे येत नाहीत. म्हणून नैराश्याचा प्रश्न हा केवळ औषधांचा अथवा तज्ज्ञांचा प्रश्न नव्हे. तो अंतराचा प्रश्न आहे. हे अंतर काही रस्त्याचे असते, काही पैशांचे आणि काही मनाचे.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झालेला पालघर जिल्हा हे अंतर समजून घेण्यास जितका उपयोगी पडेल, तितका क्वचितच दुसरा एखादा जिल्हा पडेल. सातपाटी-डहाणूचा मच्छीमारांचा किनारा, जव्हार-मोखाड्याचे डोंगराळ आदिवासी पाडे, वसई-विरारची वाढती नगरे आणि बोईसरला लागून पसरलेली तारापूरची औद्योगिक वसाहत, अशी चार निराळी जगे या एका जिल्ह्यात नांदतात. तारापूरला १९६९ सालापासून देशातील पहिले अणुवीज केंद्र उभे आहे. शेजारच्या वसाहतीत रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांचे कारखाने पाळ्यापाळ्यांनी चालतात व त्यांत काम करण्यासाठी उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशापासून माणसे येऊन भाड्याच्या खोल्यांतून राहतात. दुसरीकडे याच जिल्ह्यातील आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर पोट भरण्यासाठी घर सोडतात. येणारे आणि जाणारे, दोघेही आपल्या माणसांपासून दूर.

यांपैकी एखाद्याचे मन आजारी पडले तर त्याने कोठे जावे? राज्यात शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये चारच आहेत: ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. त्यांतले जवळचे ठाण्याचे, १९०१ साली स्थापन झालेले. बोईसरच्या कंत्राटी कामगाराने तेथे जावयाचे म्हणजे एक दिवसाची रजा, म्हणजेच एक दिवसाचा रोज, गाडीभाडे आणि मुकादमाला सांगावयाचे एखादे खोटे कारण. मोखाड्याच्या पाड्यावरील बाईला तर आधी एस. टी.च्या थांब्यापर्यंत चालत यावे लागणार. 'पंधरा दिवसांनी पुन्हा या' असे सांगितले की हा सर्व खटाटोप पुन्हा. ज्या आजारात अंथरुणातून उठणे हेच दिवसाचे सर्वांत मोठे काम होऊन बसते, त्या आजारासाठी ही व्यवस्था आहे.

प्रश्न थोड्या लोकांचा नाही. बंगलोरच्या 'निम्हान्स' या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत असे दिसले की, सुमारे वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्याचा विकार जडतो. त्याहून बोलका आकडा पुढचा आहे: या विकाराच्या शंभरांपैकी सुमारे ८५ रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसांनी आपले आयुष्य संपविले. त्यांतील २२,७४६ एकट्या महाराष्ट्रातील होती. ही संख्या सर्व राज्यांत अधिक. देशभरातील या मृतांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक लोक रोजंदारीवर जगणारे होते. प्रत्येक आत्महत्येमागे नैराश्याचा आजारच असतो असे नाही. कर्ज, छळ, व्यसन, क्षणिक उद्रेक अशी कारणेही असतात. तथापि नैराश्य हा श्रीमंतांचा रिकामपणाचा आजार आहे, या समजुतीला हे आकडे पुरेसे उत्तर देतात.

दुःख आणि आजार

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. दुःख म्हणजे नैराश्य नव्हे. तारापूर केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांतील कुटुंबांना आपली घरेदारे सोडावी लागली. समुद्राच्या सान्निध्यातील पिढीजात गाव सोडून आखीव वसाहतीत राहावयास गेलेल्या वृद्धाला जुन्या घराची आठवण होऊन डोळे भरून आले, तर त्याला कोणी रुग्ण म्हणू नये. तो शोक आहे, आणि शोक हा निरोगी मनाचाच धर्म आहे. तो लाटेसारखा येतो आणि ओसरतो. मधल्या काळात माणूस नातवाशी खेळतो, जेवणाची चव घेतो, शेजाऱ्याच्या विनोदाला हसतो.

आजाराची लक्षणे वेगळी असतात. मन सतत खिन्न असणे, किंवा ज्या गोष्टींत पूर्वी गोडी होती त्यांतली गोडीच नाहीशी होणे, ही दोन त्यांतली प्रमुख. त्यांच्या जोडीला झोप उडते किंवा अतोनात वाढते, भूक जाते, थकवा येतो, हालचाली मंदावतात किंवा जिवाची तगमग होते, लक्ष लागत नाही, आपण निरुपयोगी व अपराधी आहोत असे वाटते आणि मरणाचे विचार येतात. यांतील निदान पाच लक्षणे, त्यांत दोन प्रमुखांपैकी एक तरी, जवळजवळ दररोज आणि किमान दोन आठवडे टिकून राहिली व त्यांमुळे कामधाम विस्कटले, तर वैद्यकशास्त्र त्यास नैराश्याचा विकार मानते. पण दवाखान्यात येणारा माणूस ही यादी म्हणून दाखवीत नाही. तो म्हणतो, 'अंग मोडून आलंय', 'छातीत धडधडतं', 'डोकं जड होतं', 'कशात राम वाटत नाही'. त्याला ताकदीचे इंजेक्शन मिळते आणि तो परततो. पुरुषांत तर हा आजार अनेकदा चिडचिडीच्या किंवा दारूच्या आड दडतो. लोकांना व्यसन दिसते, त्यामागची खिन्नता दिसत नाही. उलट बाजूने, रक्तक्षय आणि थायरॉइडच्या ग्रंथीचे विकार नैराश्यासारखी लक्षणे निर्माण करतात. म्हणून शरीराची तपासणीही टाळता येत नाही.

मीमांसेचे अनेक मार्ग

मनाच्या या अवस्थेची उपपत्ती लावण्याचे प्रयत्न जुने आहेत. फ्रॉइडने १९१७ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात शोक आणि विषाद यांची तुलना केली. शोकात जग रिते होते, विषादात माणूस स्वतःच रिता होतो, असा त्याच्या विवेचनाचा आशय. गमावलेल्या प्रिय व्यक्तीवरचा राग माणूस स्वतःवरच उलटवितो, म्हणून विषादात आत्मनिंदा इतकी तीव्र असते, असे त्याने मांडले. ही उपपत्ती पुढे तशीच टिकली नाही. पण नैराश्याच्या मुळाशी पुष्कळदा काहीतरी गमावणे असते, हे तिने दाखविले.

१९६० च्या दशकात अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी फ्रॉइडचा सिद्धांत पडताळून पाहण्यासाठी रुग्णांची स्वप्ने अभ्यासली. त्यांत दडपलेल्या रागाऐवजी अपयश आणि नकार हेच विषय पुनःपुन्हा आढळले. त्यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की, नैराश्यात विचारांचीच घडण बिघडते. 'मी नालायक आहे, जग निष्ठुर आहे, पुढे काही चांगले व्हावयाचे नाही' असे स्वतःविषयी, जगाविषयी आणि भविष्याविषयी तिहेरी ग्रहण मनाला लागते. परीक्षेत नापास झालेला विद्यार्थी 'हा पेपर अवघड गेला' असे न म्हणता 'मला आयुष्यात काहीच जमणार नाही' असे म्हणतो, तेव्हा हेच घडत असते. उपचारांच्या दृष्टीने यातील मर्म असे की, ज्याला भविष्यच अंधारलेले दिसते त्याला उपचारही निरर्थक वाटतात. 'डॉक्टरकडे जाऊन काय होणार?' हा प्रश्न त्याचा हेकेखोरपणा नसतो. ते आजाराचेच लक्षण असते.

मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ च्या सुमारास केलेले प्रयोग या विषयात मैलाचा दगड ठरले. ज्या कुत्र्यांना विजेचे धक्के टाळण्याचा कोणताच मार्ग प्रथम ठेवला नव्हता, ती पुढे मार्ग मोकळा असतानाही जागची हलली नाहीत. बुटके कुंपण ओलांडले की सुटका होती, पण ती पडून राहिली. 'आपल्या धडपडीचा उपयोग नाही' हे ती शिकली होती, असा अर्थ तेव्हा लावण्यात आला. या शिकलेल्या असहायतेचा पडताळा माणसांच्या जीवनातही येतो. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा लोकांना तंबूंत रात्री काढाव्या लागल्या. केव्हा येईल ते माहीत नाही आणि थांबविणे हाती नाही, असे संकट वारंवार येत राहिले की मनाची उभारी खचते, हे समजण्यास कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नाही.

या प्रयोगांचा उत्तरार्ध मात्र फारसा सांगितला जात नाही. त्या प्राण्यांना पलीकडून हाका मारून पाहिले, मधला अडसर काढून पाहिला. ती हलली नाहीत. अखेर दोरीने धरून त्यांना पलीकडे न्यावे लागले, तेही अनेकदा. तेव्हा कोठे ती आपण होऊन जाऊ लागली. २०१६ साली या दोघा संशोधकांनी मेंदूविषयक नव्या माहितीच्या आधारे आपलाच सिद्धांत दुरुस्त केला. दीर्घ संकटात निष्क्रिय होणे ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे. शिकावी लागते ती असहायता नव्हे, तर 'आपल्या हातात काही आहे' ही जाणीव, असे त्यांनी प्रतिपादिले.

या दुरुस्तीचे मोल पालघरला तरी कळावे. १९४५ पूर्वी डहाणू-उंबरगावकडच्या वारल्यांकडून सावकार-जमीनदार वेठ घेत. मुकाट्याने सोसणारा हा समाज मुळातच मंद आणि दैववादी, असे पांढरपेशांना वाटे. त्या वर्षी किसान सभेच्या संघटनेतून त्यांनी वेठबिगारी झुगारून दिली. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो इतिहास नोंदलेला आहे. नैराश्यावर चळवळ हे औषध आहे, असा याचा अर्थ नव्हे. अर्थ एवढाच की, निश्चल पडलेल्या माणसाकडे पाहून 'याचा स्वभावच असा' म्हणणे बहुधा चूक असते. आणि ती निश्चलता मोडण्यास कोणीतरी बाजूला येऊन उभे राहावे लागते.

सामाजिक बाजूचा सर्वांत नेटका अभ्यास जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातील स्त्रियांचा केला व तो १९७८ साली प्रसिद्ध झाला. संकट आले असता कोणत्या स्त्रिया नैराश्याच्या आहारी जातात? लहानपणी आई गमावलेल्या, घरात तीन किंवा अधिक लहान मुले असलेल्या, बाहेर नोकरी नसलेल्या आणि ज्यांना विश्वासाने मन मोकळे करण्यास कोणी नाही अशा स्त्रिया, असे त्यांना आढळले. नवरा पाळीवर गेल्यावर बोईसरच्या एका खोलीत तीन मुलांसह दिवस काढणारी, शेजारणीची भाषाही धड न समजणारी परप्रांतीय तरुणी डोळ्यांपुढे आणली, तर लंडनचा हा निष्कर्ष परका वाटत नाही.

राहिली शरीराची बाजू. १९५२ साली न्यूयॉर्कच्या एका क्षयरुग्णालयात नवे औषध दिलेले रुग्ण अनपेक्षितपणे उल्हसित झाले, आणि नैराश्यावरील औषधांच्या शोधाला चालना मिळाली. पुढे मेंदूतील सिरोटोनिन या द्रव्याची कमतरता हेच कारण, असे सोपे समीकरण लोकप्रिय झाले. आज ते तेवढे सोपे मानले जात नाही. आनुवंशिकता, संप्रेरके, दीर्घकाळचा ताण आणि बालपणीचे आघात यांचा मेंदूवर होणारा परिणाम एकमेकांत गुंतलेला आहे. या सर्व उपपत्ती परस्परांच्या वैरी नाहीत. एकाच घरात वेगवेगळ्या दारांनी शिरणारे हे लोक आहेत. आणि ते ज्या खोलीत भेटतात तेथे एकच दृश्य दिसते: माणूस हताश होऊन बसला आहे, आणि उठून दार उघडण्याचे बळ त्याच्यात नाही.

औषध, बोलणे आणि कृती

उपचार आहेत आणि ते गुणकारी आहेत, हे प्रथम ठामपणे सांगितले पाहिजे. नैराश्यावरील गोळ्या झोपेच्या गोळ्यांप्रमाणे सवय लावणाऱ्या नव्हेत. त्यांचा गुण दिसण्यास दोन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ, अस्वस्थता असा त्रास होऊ शकतो. पुष्कळ रुग्ण नेमक्या याच काळात कंटाळून औषध सोडतात. बरे वाटल्यावरही काही महिने ती चालू ठेवावी लागतात, आणि थांबविताना डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू थांबवावी लागतात. मधूनमधून अतिउत्साहाचे झटके येणाऱ्या रुग्णाला केवळ ही औषधे दिल्यास अपाय होऊ शकतो; म्हणून शेजाऱ्याच्या गोळ्या आपण घेणे धोक्याचे. विजेच्या उपचाराबद्दल चित्रपटांनी पसरविलेली भीतीही आज अनाठायी आहे. भूल दिल्याशिवाय तो करण्यास २०१७ च्या कायद्याने बंदी आहे, आणि अतितीव्र नैराश्यात तो जीव वाचवितो.

सौम्य नैराश्यात औषधांची गरज बहुधा नसते. मध्यम स्वरूपाच्या आजारात बोलण्याचे उपचार आणि औषधे यांचा गुण जवळजवळ सारखा येतो. तीव्र आजारात दोन्ही एकत्र दिलेली बरी. बेक यांच्या पद्धतीत रुग्णाला आपले विचार पुराव्यावर घासून पाहण्यास शिकविले जाते. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती तर महाराष्ट्रात चांगलीच रुजली आहे. १९९० पासून ठाण्यात काम करणाऱ्या 'आय. पी. एच.' सारख्या संस्थेने मनाच्या आरोग्याचा विषय मराठी मध्यमवर्गाच्या बोलण्यात आणला, हे कार्य मोठे आहे.

परंतु या पद्धतींना बराच काळ, शिक्षित तज्ज्ञ आणि शब्दांशी सलगी असलेला रुग्ण लागतो. १९९६ साली नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेक यांच्या उपचाराचे घटक वेगळे काढून तपासले, तेव्हा एक आश्चर्य पुढे आले. रुग्णाला पुन्हा छोट्या छोट्या कृतींकडे वळविणे, हा साधा भागच संपूर्ण उपचाराइतका गुण देत होता. यामागचा विचार पीटर लेविन्सन यांनी आधीच मांडला होता: आनंद देणारी कामे सुटतात, म्हणून मन खिन्न होते, मन खिन्न होते, म्हणून आणखी कामे सुटतात. हे चक्र विचारांच्या टोकाने तोडता येते, तसेच कृतीच्या टोकानेही तोडता येते. 'बरे वाटले की अंगणात जाईन' याऐवजी 'अंगणात गेलो तर थोडे बरे वाटेल' असा हा उलटा क्रम आहे. मात्र पहिले पाऊल अगदी लहान हवे, आणि ते टाकताना सोबत हवी.

गोव्याने काय दाखविले

ही सोबत कोणी करावयाची? त्याचे उत्तर मराठी माणसाला दूर शोधावयास नको. ते कोकणपट्टीच्याच टोकाला, गोव्यात मिळाले. १९९६ साली स्थापन झालेल्या 'संगत' या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मध्यम ते तीव्र नैराश्याचे सुमारे पाचशे रुग्ण निवडले. निम्म्यांना नेहमीचे वैद्यकीय उपचार मिळाले; उरलेल्यांना त्याच्या जोडीला समुपदेशकाच्या सहा ते आठ भेटी. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. शालेय शिक्षण पुरे केलेली, त्याच भागातील, काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेली ती सामान्य माणसे होती. त्यांनी शिकविले ते हेच: दिवसाची आखणी, छोट्या कृती, अडचणींची उकल, सुटलेल्या माणसांशी पुन्हा संबंध. रुग्णाला केंद्रात येणे जमत नसेल तर भेट त्याच्या घरी होई. तीन महिन्यांनी नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्या शंभरांपैकी ३९ रुग्ण आजारातून बाहेर आले होते. समुपदेशकाची जोड मिळालेल्यांपैकी ६४. डिसेंबर २०१६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वर्षभरानंतरही हा लाभ टिकून असल्याचे पुढे आढळले.

विदर्भातही असाच अनुभव आला. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघर गेले, आणि नैराश्याच्या शंभर रुग्णांमागे जेथे पूर्वी जेमतेम चारजण उपचारांपर्यंत पोहोचत होते, तेथे दीड वर्षाच्या सुमारास सत्तावीसजण पोहोचू लागले. दूरच्या झिंबाब्वेची कथा तर अधिकच बोधप्रद आहे. डॉ. डिक्सन चिबांडा यांच्या एका तरुण रुग्णाजवळ रुग्णालयात येण्यासाठी बसभाडे नव्हते. तिने जीव दिला. त्या आघातानंतर त्यांनी हरारे शहरातील आजीबाईंना प्रशिक्षण देऊन दवाखान्याबाहेरच्या बाकांवर बसविले. तेथील बोलीत या आजाराला 'फार विचार करणे' अशा अर्थाचा शब्द आहे. आजीबाई तोच शब्द वापरीत, म्हणून लोक त्यांच्याजवळ बोलत.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, अर्धशिक्षितांच्या हाती मन सोपविणे घातक ठरेल. तो रास्त आहे, म्हणूनच गोव्यात समुपदेशकांच्या कामाची नियमित तपासणी होत असे. असे काम देखरेखीशिवाय चालविणे म्हणजे जुन्या उपेक्षेला नवे नाव देणे होय. दुसरा आक्षेप असा की, यामुळे तज्ज्ञ नेमण्याच्या जबाबदारीतून शासन अंग काढून घेईल. तसे होऊ देता कामा नये. तीव्र आजार, भ्रम, आत्मघाताचा धोका असलेले रुग्ण तज्ज्ञांकडेच गेले पाहिजेत. पण देशात लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. ते पुरेसे तयार होईपर्यंत बाकीच्यांनी वाट पाहावी, असे म्हणणे हा न्याय नव्हे.

पालघरने काय करावे

देशाचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ सालचा आणि जिल्हा कार्यक्रम १९९६ सालचा. आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि सुमारे हजारामागे एक 'आशा' कार्यकर्ती, अशी रचना शासनाने आखलेली आहे. म्हणजे सांगाडा आहे. त्यात या आजाराला जागा करून द्यावयाची आहे. बाळंतिणीच्या, क्षयरोग्याच्या घरी जाणारी 'आशा' दोन प्रश्न अधिक विचारू शकते: 'झोप लागते का? कशात मन लागते का?' भगताकडे जाणाऱ्यांची थट्टा करण्याऐवजी, अमुक लक्षणे दिसली तर केंद्रात पाठवा, असे भगतालाच सांगणे अधिक शहाणपणाचे. औद्योगिक वसाहतीत कामगारांच्या सुट्टीच्या दिवशी किंवा पाळी सुटल्यावर चालणारा सल्ला कक्ष, वारली आणि हिंदी बोलणारे समुपदेशक, आश्रमशाळांतील शिक्षकांना प्राथमिक प्रशिक्षण, या अवाढव्य खर्चाच्या गोष्टी नाहीत. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनीसेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. ज्याला घराबाहेर पडवत नाही त्याला फोन उचलणे तरी शक्य व्हावे, म्हणून हा क्रमांक प्रत्येक शाळेच्या, कचेरीच्या आणि कारखान्याच्या भिंतीवर असला पाहिजे.

कायद्याचे अंतर आता पुष्कळसे मिटले आहे. मानसिक आजाराने पीडित अशा मुंबईच्या एका पोलीस शिपायाने आत्महत्येचा प्रयत्न केला, म्हणून त्याच्यावर खटला भरण्यात आला होता. त्या प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली न्या. पी. बी. सावंत यांच्या निकालपत्राद्वारे भारतीय दंडसंहितेचे ३०९ वे कलम घटनाबाह्य ठरविले. ज्याला उपचार हवेत त्याला तुरुंग दाखविणे क्रूरपणाचे आहे, ही त्यामागील भूमिका. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम पुन्हा वैध ठरविले. पण २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरण्यास सांगितले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतून आत्महत्येच्या प्रयत्नाचा तो सरसकट गुन्हा वगळला गेला. वैद्यकीय विम्यातही मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच वागविले पाहिजे, असा २०१७ च्या कायद्याचा दंडक आहे.

उरते ते मनाचे अंतर, आणि ते मिटविणे कायद्याच्या हाती नाही. वर्गात पुढच्या बाकावर बसणारा मुलगा एकाएकी मागे जाऊन बसू लागतो. कचेरीतला वक्तशीर सहकारी वारंवार रजा टाकू लागतो. वसतिगृहातली मुलगी जेवायला खाली येईनाशी होते. अशा वेळी 'मन खंबीर कर' हा उपदेश सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी. ज्या शक्तीचा अभाव हाच आजार आहे, तीच शक्ती औषध म्हणून वापरण्यास त्यात सांगितलेले असते. त्याऐवजी जवळ बसावे, ऐकावे, घाईने उत्तरे देऊ नयेत. मरणाचे विचार येतात का, हे स्पष्ट विचारण्यास भिऊ नये. विचारल्याने तो विचार मनात नव्याने शिरत नाही, उलट बोलण्यास वाट मिळते. उत्तर 'होय' असे आले तर त्याला एकटे सोडू नये, आणि त्याच दिवशी त्याला डॉक्टरकडे न्यावे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'कासव' या राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त चित्रपटात खचलेल्या तरुणाला आसरा देणारी स्त्री त्याला उपदेश करीत नाही. ती त्याला जागा देते आणि वेळ देते. यानंतर व्यवहाराची मदत: 'डॉक्टरकडे जा' असे सांगण्याऐवजी 'गुरुवारी मी बरोबर येतो' असे म्हणणे. या दोन वाक्यांतले अंतर थोडे दिसते, पण रुग्णाच्या दृष्टीने ते बोईसर ते ठाणे एवढे असते.

भगवद्गीतेचा पहिला अध्याय अर्जुनाच्या विषादाचा आहे. तो विषाद युद्धप्रसंगाचा होता, आजाराचा नव्हता. तरीही हात कापणे, तोंडाला कोरड पडणे, धनुष्य गळून पडणे, अशी त्याची वर्णने वाचताना आजही ओळख पटते. त्यानंतरच्या सतरा अध्यायांतील तत्त्वज्ञानावर आपल्याकडे उदंड लिहिले गेले. एका साध्या गोष्टीकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. अर्जुनाला ऐकून घेणारा शोधीत कोठे जावे लागले नाही. सारथी त्याच रथात बसलेला होता. पालघरच्या पाड्यापाड्यावर आणि बोईसरच्या चाळीचाळीतून असा ऐकून घेणारा माणूस हाकेच्या अंतरावर असणे, ही कोणा भाग्यवंतापुरती गोष्ट राहू नये. ती जिल्ह्याच्या आरोग्यव्यवस्थेची नित्याची जबाबदारी मानली गेली पाहिजे.